निरगुडीचे कुंपण

पुण्याच्या पूर्वेस, मुळामुठेच्या एका तीरी बुद्रुक आणि दुसऱ्या तीरी खुर्द अशी विभागून वसलेली आमची मांजरी खाणींचे गाव म्हणून कोणास ठाऊक असण्याचे कारण नाही. ऊस, भाजीपाला, सरकारी शेतकी खात्याचे जुने प्रयोगक्षेत्र आणि अलीकडच्या काळात ऊस व द्राक्षे यांच्या संशोधनसंस्था, एवढ्यावरच तिची कीर्ती उभी आहे. तथापि ज्या गावाने उसाची तहान भागविण्यासाठी विहिरीमागून विहिरी खणल्या, त्या गावास सुरुंगाची ओळख नसावी हे या दख्खनच्या पठारावर संभवत नाही. येथे वर चार हात माती, तिच्याखाली मुरूम, आणि मुरुमाखाली काळ्या पाषाणाची अशी घट्ट शिळा की पहार तिच्यावर नुसती वाजते. विहीर म्हणजे आभाळाकडे तोंड उघडून बसलेली एक लहानशी खाणच, आणि तिच्या कामावर येणारे वडार हे आम्हा पोरांच्या लेखी पाणी आणणारे तसेच आग आणणारेही लोक होते.

माझ्या लहानपणी आमच्या मळ्यातील विहीर खोल करण्याचे काम निघाले, त्या वेळी वडारांच्या मुकादमाने पाल ठोकण्याच्याही आधी मळ्याला एक फेरा मारला आणि दोन जागा मुक्रर केल्या: सुरुंगाच्या दारूसाठी बांधाच्या एका टोकाला, बाभळीपलीकडे, पत्र्याने झाकलेला एक कोरडा खड्डा, आणि केपांच्या, म्हणजे बार पेटविणाऱ्या टोप्यांच्या, लहानशा पेटीसाठी अगदी दुसऱ्या टोकाचे ओसाड खोपट. चूल मांडली गेली ती या दोहोंपासून दूर, वाऱ्याच्या उतरत्या अंगाला. दोन्ही जिन्नस एका ठिकाणी ठेवले तर येरझार वाचेल, असे आमच्या आप्पांनी सुचविले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘पाटील, ह्या सवती हाईत. एका घरात ठिवल्या की घर जाळत्यात.’’ त्याला अक्षरओळख नव्हती. पण त्याच्या कमरेच्या चंचीत चिंचोके असत, आणि सकाळी जितक्या केपा बाहेर निघत तितके चिंचोके तो एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकी, व प्रत्येक बार उडाल्यावर एकेक परत करी. सायंकाळी खिशात चिंचोका उरला तर केप हातात दिसली पाहिजे. हातात केप नसेल तर ती शिळेच्या भोकात न उडता बसली आहे असे समजून त्या रात्री विहिरीत कोणीही उतरायचे नाही, असा त्याचा दंडक होता.

पुढे जुनी कागदपत्रे आणि खाणींचे कायदे वाचण्याचा योग आला, तेव्हा त्या मुकादमाच्या वर्तनात या विषयाचे सारे शास्त्र आले होते असे माझ्या ध्यानी आले. स्फोटक द्रव्य सुरक्षित ठेवण्याचा जगातील कोणताही नियम घ्या. तो तीन गोष्टींपैकी एकीत बसतो. माल माणसांपासून दूर असावा, एक जिन्नस दुसऱ्यापासून वेगळा असावा, आणि आत गेलेल्या व बाहेर आलेल्या प्रत्येक नगाचा जमाखर्च असावा. अंतर, विभागणी आणि हिशेब या त्रयीचा आमच्या प्रांतातील इतिहास येथे सांगावयाचा आहे.

प्रथम शब्दांचे दफ्तर उघडू. ‘दारू’ हा शब्द फारसी, आणि मुळात त्याचा अर्थ औषध. ‘सुरुंग’ त्याहून जुना. नळी या अर्थाचा ग्रीक शब्द संस्कृतात ‘सुरुंगा’ होऊन स्थिरावला आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही भुयार या अर्थी आला. दारूचा शोध लागण्याच्या कित्येक शतके आधीचा हा शब्द, पण भुयारात दारू भरून तट उडविण्याची विद्या आली तेव्हा त्याने तो नवा अर्थही पोटात घेतला, आणि आज मराठीत सुरुंग म्हणजे पोखरलेली वाटही होते व ती वाट पाडणारा स्फोटही होतो. तिसरा शब्द ‘मॅगझीन’. खाणीवरचा मजूर तो इंग्रजी समजून वापरतो. परंतु त्याचे मूळ अरबी ‘मखजन’, म्हणजे कोठार. अरबांकडून तो युरोपात गेला, तेथे दारूकोठाराला आणि पुढे लेखांचे भांडार म्हणून नियतकालिकालाही लागला, आणि इंग्रजांच्या तोफांबरोबर पूर्वेकडे परत आला. तेव्हा मासिक हाती घेऊन बसलेला वाचकही एका अर्थी कोठाराच्या दारातच बसलेला असतो. फरक एवढाच, की येथे दिवा जवळ आणण्यास मनाई नाही.

मराठी राज्यात दारूच्या साठ्याविषयी जो सर्वांत स्पष्ट लेख उपलब्ध आहे, तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या शंभुछत्रपतींसाठी राज्यनीतीचे हे सार लिहिताना त्या वृद्ध मुत्सद्द्याने दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याला स्वतंत्र जागा दिली आहे. त्या आज्ञेचा आशय असा: दारूखाना वस्तीच्या घराजवळ नसावा, घरावरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेतही नसावा, सदरेपासून योग्य अंतरावर जागा बांधून सभोवती निरगुडी वगैरे झाडांचे दाट कुंपण करावे, आत तळघर करून त्यास गच्ची करावी, त्यात लाकडी माच घालून त्यावर दारूची भांडी ठेवावीत, बाण, होके इत्यादी तयार अस्त्रे मधल्या घरात निराळी ठेवावीत, दमटपणा लागू देऊ नये, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन सर्व जिन्नस बाहेर काढवून ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, रात्रंदिवस जागता पहारा असावा आणि परवानगीवाचून आसपास कोणी येऊ नये.

या आज्ञेतील एकही कलम अलंकारासाठी आलेले नाही. सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणाने झालेली काळी दारू ठिणगीला जितकी भिते तितकीच ओलाव्याला. ओल लागली की सोरा पाझरतो, मिश्रण फुटते आणि ऐन प्रसंगी तोफ मुकी राहते. म्हणून माच, म्हणून गच्ची, म्हणून पंधरवड्याचे ऊन. ठिणगी वाऱ्यावर चालत येते, म्हणून वाऱ्याचा विचार आणि म्हणून हिरव्या झाडांची दाट भिंत. निरगुडीच का, याचे उत्तर कोणताही गुराखी देईल: तिचा पाला जनावर खात नाही, त्यामुळे एकदा लावलेले कुंपण टिकते. तळघराचा हेतूही उघड आहे. जमिनीखाली उष्णता समतोल राहते, शत्रूचा गोळा सहसा पोहोचत नाही, आणि दुर्दैवाने सारे पेटलेच तर सभोवारची भूमी स्फोटाचा आडवा मारा गिळून त्याचे तोंड आकाशाकडे वळविते. स्फोटक भूमिगत का ठेवावे, याचे हेच कारण आजचा अभियंताही देतो.

मुद्रेचा उल्लेखही तितकाच अर्थपूर्ण आहे. शिवकालापासून गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा तिघांत वाटलेला असे. हुकूम एकाचा, हजेरी व दफ्तर दुसऱ्याचे, आणि कोठारांचा जमाखर्च तिसऱ्याचा. तिघांपैकी कोणा एकाच्या लहरीने दारूचे भांडे बाहेर निघू नये, हा त्या वाटणीचा परिणाम होता. सुरक्षितता ही शूरत्वाची बाब नसून कारकुनीची आहे, हे आमच्या पूर्वजांनी जाणले होते. आपण मात्र त्यांच्या तलवारींचे पोवाडे गातो आणि त्यांच्या जमाखर्चाकडे दुर्लक्ष करतो.

अर्थात आज्ञेतही एक उणीव होती, आणि ती आकाशातून उघडी पडली. सिंहगडाच्या वाटेने वर गेल्यावर दरवाजाच्या आत जी दगडी इमारत दारूकोठार म्हणून दाखविली जाते, तिच्यावर ११ सप्टेंबर १७५१ रोजी वीज पडली. त्या अपघातात गडावरील फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले आणि घरातील सर्व माणसे मेली. अंतराचा नियम तेथे किती शिथिल झाला होता, हे फडणिसांच्या घराच्या नाशावरूनच कळते. परंतु विजेपुरते बोलायचे, तर तिला अडविण्याची विद्या त्या दिवशी पृथ्वीवर कोणाजवळच नव्हती. बेंजामिन फ्रँकलिनचा पतंगाचा प्रसिद्ध प्रयोग त्याच्या पुढच्याच वर्षी, १७५२ साली झाला. १७६९ साली इटलीतील ब्रेशिया शहरात ज्या बुरुजात दारू साठविली होती त्यावर वीज पडून शहराचा मोठा भाग भुईसपाट झाला, तेव्हा कोठे युरोपातील सरकारे खडबडून जागी झाली. आणि १७७२ साली इंग्लंडातील पर्फ्लीट येथील दारूकोठारांस विद्युद्वाहक बसवावे की नाही व त्याचे टोक अणकुचीदार असावे की बोथट, यावर नेमलेल्या विद्वानांच्या समितीत खुद्द फ्रँकलिन बसला होता. आज कोणत्याही मॅगझीनच्या छपरावर दिसणारी ती सळई अशा अनेक निर्दोष कुटुंबांच्या मृत्यूंनी उभी केली आहे, आणि त्यांत एक कुटुंब सिंहगडावरचे आहे.

दारू जमिनीखाली पुरण्याचा दुसरा प्रकार साठ्याचा नव्हे, संहाराचा. १६६० साली शायिस्तेखानाच्या फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे दोन महिने तो लढविला, आणि अखेरीस मोगलांनी भुयार खणून दारू भरली व बुरूज उडविला. चाळीस वर्षांनी, १७०० सालच्या एप्रिलात, औरंगजेबाच्या देखत साताऱ्याच्या तटाखाली हीच विद्या योजली गेली. तेथे मात्र तटाचा ढिगारा बाहेरच्या बाजूस, हल्ल्यासाठी दबा धरून बसलेल्या मोगल सैन्यावरच कोसळला आणि त्यांचे शेकडो लोक गाडले गेले. कोंडलेल्या स्फोटाचा जोर कोणत्या दिशेस फुटेल हे केवळ दारूच्या वजनावर ठरत नाही, भोवतालच्या खडकाच्या जातीवर आणि भेगांवरही ठरते. हा धडा पुढे खाणकामगारांस फार महागात शिकावा लागला.

१८१८ साली मराठी राज्याचा अस्त झाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी इंग्रजांना दाद दिली नाही, पण किल्ल्यातले दारूकोठारच उडाले, तटाचा भाग खंदकात ढासळला, आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला. नव्या अंमलात दारूचा कारखाना शत्रूच्या भयाने नव्हे, व्यापाराच्या आणि छावणीच्या सोयीने मांडला गेला. मुंबईत माझगावच्या किनाऱ्यावरील ‘दारूखाना’ हे नाव त्याच काळाची खूण. आणि पुण्यात, मुळेच्या काठी, ज्या खडकीच्या माळावर १८१७ साली पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली, तेथेच १८६९ साली सरकारी दारूगोळा कारखाना उभा राहिला.

परंतु दारू युद्धातून उतरून रोजच्या मजुरीत आली ती घाटात. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ साली सुरू होऊन १८६३ साली पुरा झाला. पंधरा मैलांच्या त्या चढात १,८३१ फूट उंची गाठायची होती, २५ बोगदे पाडायचे होते, आणि ऐन भरात त्या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसे होती. १८५९ साली काम हाती घेतलेला ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते तडीस नेले, ही कथा बहुश्रुत आहे. ज्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत, असे घाटावरचे आणि कोकणातले मजूर पटकीने, कोसळत्या दरडींनी आणि सुरुंगांनी मेले, ही तितकी बहुश्रुत नाही. हाताने घण मारून खडकात भोक पाडायचे, त्यात काळी दारू ठासायची, वात लावून पळायचे, हा क्रम. सुदैवाने त्याआधीच, १८३१ साली, कॉर्नवॉलच्या विल्यम बिकफर्ड याने तागाच्या दोरीत दारूची बारीक रेघ गुंफून ठरावीक वेगाने जळणारी सुरक्षित वात काढली होती. किती हात वातीस किती पळे लागतील हे कळू लागले, आणि पळणाऱ्यास आपले आयुष्य मोजता येऊ लागले.

याच सुमारास स्फोटकांची जातच बदलली. नायट्रोग्लिसरीन हे द्रव काळ्या दारूहून कितीतरी प्रखर, पण हेलकाव्यानेही भडकणारे. त्याच्या मागे लागलेल्या आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ एमिल १८६४ साली स्टॉकहोमच्या कारखान्यातील स्फोटात दगावला. १८६७ साली नोबेलने ते द्रव एका सच्छिद्र मातीत जिरवून डायनामाइट सिद्ध केले, पुढे जिलेटीन काढले, आणि ते पेटविण्यासाठी ठिणगी पुरत नसल्याने पाऱ्याच्या एका तीव्र क्षाराची टोपी, म्हणजे केप, प्रचारात आणली. येथून विभागणीच्या नियमास नवा अर्थ आला. जिलेटीनची कांडी एकटी असता बरीच सहनशील असते. केप अतिशय लहान, पण अतिशय चिडखोर. दोघींची गाठ शिळेच्या भोकातच पडावी, त्याआधी कोठेही नाही. आमच्या मुकादमाच्या तोंडच्या सवती त्या ह्याच.

नव्या मालाला नवा कायदा लागतोच. १८७४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या रीजंट्स पार्कजवळील कालव्यात पाच टन दारू आणि पेट्रोलियमची पिंपे एकत्र लादलेली नाव उडाली, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडात स्फोटकांचा सर्वसमावेशक कायदा झाला. हिंदुस्थानात तो १८८४ साली आला; स्फोटके करणे, बाळगणे, विकणे आणि वाहून नेणे या साऱ्यांवर परवान्याचे बंधन घालणारा तो कायदा, वेळोवेळी सुधारला जाऊन, आजही अंमलात आहे. १८९८ साली स्फोटकांचे स्वतंत्र निरीक्षणखाते निघाले, आणि आज त्याचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे.

नागपुरात ते असणे शोभणारे आहे, कारण आमच्या प्रांतातील खरीखुरी भूमिगत खाण विदर्भाचीच. चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याची सरकारी कोळशाची खाण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात चालू झाली आणि १९०६ साली बंद पडली. त्यानंतर बल्लारपूर, घुगुस आणि वर्धेच्या खोऱ्यातील इतर खाणी पुढे आल्या. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगेनीजचे खणन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जोमात आले. प्रथम उघड्या खाणी, आणि वरचा माल संपत गेला तसतशा चिखला, गुमगाव यांसारख्या भूमिगत. १९०१ साली खाणींचा कायदा झाला, १९०२ साली खाणनिरीक्षकांचे खाते निघाले, आणि आज्ञापत्रातील दारूखान्याची जणू नवी आवृत्ती निरनिराळ्या नियमावल्यांत लिहिली जाऊ लागली.

तिचा तपशील पाहण्याजोगा आहे. खाणीचे मुख्य मॅगझीन सहसा जमिनीवर, वस्तीपासून दूर. सभोवती मातीचा उंच बांध आणि कुंपण. दुहेरी दारे, दुहेरी कुलपे, छपरावर विद्युद्वाहक. आत उघड्या लोखंडाचा खिळा नाही, पेटी उघडण्याचे हत्यार लाकडाचे वा पितळेचे, पायांत नाळेचा जोडा चालत नाही. केपांची खोली निराळी. किती माल ठेवायचा हे परवान्यात लिहिलेले, आणि त्या वजनावरून घरे, रस्ते व लोहमार्ग यांच्यापासूनचे अंतर ठरलेले. येथे गणिताची एक गंमत आहे. स्फोटाचा धक्का वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात दूर पोहोचतो. म्हणजे माल आठपट केला तर तेवढाच धक्का दुप्पट अंतरावर जाणवतो. अमात्यांनी जे अंतर अनुभवाने योग्य मानले, ते आता कोष्टकात बसले. ऊन देण्याची रीत मात्र उलटली: जिलेटीनला उष्णतेने घाम फुटतो आणि तो घाम म्हणजे साक्षात नायट्रोग्लिसरीन, म्हणून नव्या कोठारात गारवा राखायचा, जुना माल आधी काढायचा आणि पेट्या पडून राहू द्यायच्या नाहीत. द्रव्य बदलले की उपचार बदलतो. पंधरवड्याने स्वतः जाऊन पाहण्याचे कर्तव्य बदलत नाही.

खाणीच्या पोटात साठा करणे ही त्याहून नाजूक गोष्ट. उघड्यावर स्फोटाचा धूर आकाशात विरतो. भुयारात तोच वायू वायुवीजनाच्या प्रवाहाबरोबर चालत जाऊन, स्फोटाने ज्यांना स्पर्शही केला नाही त्यांना गुदमरवितो. म्हणून जेथे भूमिगत कोठार करावेच लागते, तेथे ते येण्याजाण्याच्या मुख्य वाटेपासून आणि चानकापासून, म्हणजे खाणीच्या उभ्या विवरापासून, बाजूला, काटकोनात वळलेल्या आडगल्लीत करावे, म्हणजे धक्क्याचा जोर वळणावर मोडेल. आणि त्यावरून गेलेली हवा कामावरच्या माणसांकडे न जाता थेट बाहेर पडणाऱ्या प्रवाहास मिळावी, असा शास्त्राचा निर्णय आहे. आमच्याकडील रीत त्याहून सावध आहे: माल वरच ठेवावा आणि पाळीपुरताच खाली न्यावा. कोळशाच्या खाणीत तो नेण्याचा कुलूपबंद, क्रमांक घातलेला डबा ५ किलोंहून अधिक माल घेत नाही. केपा बार उडविणाऱ्या शॉटफायररच्याच पेटीत, त्याच्याच किल्लीखाली. मिथेन आणि कोळशाची भुकटी यांचे भय असल्याने तेथे चालणारे स्फोटकही मुद्दाम मीठ मिसळून त्याची ज्वाला शमविलेले असते.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे वही. मॅगझीनचा कारकून डब्याचा क्रमांक लिहून कांड्या मोजून देतो, शॉटफायरर सही करून घेतो, किती भोके भरली आणि किती बार उडाले याची नोंद होते, आणि पाळी संपताच उरलेला माल मोजून परत जमा होतो. त्या पाळीवर देखरेख करणाऱ्याचे कायद्यातील नावच ‘सरदार’ आहे. इंग्रजी नियमावलीतही तो शब्द तसाच राहिला. गडावर हवालदार आणि कारखानीस यांनी जे केले ते खाणीत सरदार आणि मॅगझीनबाबू करतात. मुद्रेच्या जागी सही आली एवढेच.

ही त्रयी एकदम मोडली तर काय होते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या फोर्ट स्टायकिन या जहाजावर सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी. माणसांच्या वस्तीपासून अंतर नव्हते, कारण जहाज गोदीच्या गर्दीत उभे होते. विभागणी नव्हती, कारण धुमसणारा कापूस आणि फुटणारा दारूगोळा शेजारी होते. रीजंट्स पार्कच्या नावेचा धडा सत्तर वर्षांत विसरला गेला होता. दुपारी आग लक्षात आली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. शेकडो माणसे मेली, हजारो निराश्रित झाली, आणि आग विझविण्यास धावलेल्या दलातील ६६ जण परतले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ देश आजही १४ एप्रिल हा अग्निशमन सेवेचा दिवस पाळतो. ज्या माझगावात एके काळी दारूखाना होता, ते तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

आज जिलेटीनची जागा पाण्याधारित इमल्शन स्फोटकांनी बऱ्याच अंशी घेतली आहे आणि वातीची जागा प्रथम विजेच्या आणि आता इलेक्ट्रॉनिक केपांनी. माल अधिक सोशिक झाला, ही आनंदाची गोष्ट. पण सोशिक माल माणसाला निष्काळजी करतो. शिवाय तीन नियमांपैकी विभागणी आणि हिशेब हे कोठारवाल्याच्या हाती आहेत, अंतर मात्र शेजाऱ्याच्याही हाती आहे. पुण्याच्या वायव्येस देहूरोडच्या लष्करी दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांच्या पट्ट्यात बांधकामास मनाई आहे. १९०३ सालच्या संरक्षणविषयक कायद्याखालील तो निर्बंध आता ‘रेड झोन’ या नावाने सर्वांस परिचित आहे, आणि त्या पट्ट्यात आयुष्याची पुंजी घालून घर बांधलेल्या कुटुंबांची कैफियत ऐकवत नाही. त्यांना दोष देणे सोपे आणि अन्याय्य आहे. दोष आहे तो कुंपण नकाशावर असूनही भूमीवर न लावण्याचा. घर उभे राहीपर्यंत गप्प बसून, उभे राहिल्यावर नियम दाखविण्याचा. आमच्या मांजरीच्या उत्तरेस वाघोलीच्या दगडखाणी आहेत. तेथे एके काळी उजाड माळ होता, आज इमारती त्या खाणींच्या काठापर्यंत आल्या आहेत. शहर प्रथम जे खाते ते अंतर होय, कारण रिकामी जागा कोणाचीच नसते असे सर्वांस वाटते.

अमात्यांची आज्ञा या बाबतीत आजच्या सर्व नियमावल्यांपेक्षा एका गोष्टीत सरस आहे. तिने अंतर नुसते सांगितले नाही. त्या अंतरात झाड लावण्यास सांगितले. परवान्यातील आकडा कोणास दिसत नाही, पण दाट निरगुडी अक्षरशत्रूलाही दिसते, आणि पलीकडे घर बांधू नये हे तिला पाटी न लावता कळविता येते. खाण असो, लष्करी कोठार असो वा गावाच्या शिवेवरचे फटाक्यांचे गोदाम असो, कुंपण घराच्या आधी उगवले पाहिजे, आणि ते लावण्याचे काम ज्या दफ्तरात परवाना लिहिला जातो त्याच दफ्तराचे आहे.

आमच्या विहिरीचे काम त्या उन्हाळ्यात दीड महिना चालले. विहीर सहा हात खोल गेली, झरा लागला, मुकादमाने शेवटचा चिंचोका चंचीत टाकला, आणि कामावर आलेली सारी माणसे आपापल्या पायांनी परत गेली.